हरिणांच्या शिकारीतील रायफल व नेमबाजी

हरिणांच्या शिकारीतील रायफल व नेमबाजी : हरीण पहिल्याच गोळीत आणि कमीत कमी यातनेत मरावे म्हणून शिकाऱ्याने हत्यार, अंतर व नेम यांबाबत पाळायची शिस्त. ही नोंद मुख्यतः स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील रेड डिअरच्या शिकारीविषयी आहे. मराठीत आपण काळवीट आणि चिंकारा यांनाही सरसकट हरीण म्हणतो. प्राणिशास्त्राच्या हिशेबाने ते कुरंग, त्यांची शिंगे आयुष्यभर टिकतात. रेड डिअर हे सांबर-चितळाच्या कुळातले, दरवर्षी शिंगे गाळणारे जनावर. भारतात या सगळ्यांनाच १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण असून १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीला वावच उरलेला नाही.

स्कॉटलंडमध्ये लांडगा काही शतकांपूर्वीच नामशेष झाला. हरिणांना खाणारे मोठे जनावर उरले नाही. कळप वाढले की रोपटी कोवळी असतानाच फस्त होतात आणि जंगल नव्याने उभे राहत नाही. म्हणून तिथे दरवर्षी ठरवून हरणे मारली जातात. मारायचे हे ठरलेलेच असल्याने वाद उरतो तो कसे मारायचे याचा.

या शिकारीला ‘स्टॉकिंग’ म्हणतात. वाऱ्याच्या समोरून, ओघळ आणि खडकांचा आडोसा घेत, शेवटी पोटावर सरपटत कळपाजवळ जायचे. पुढे असतो मुलखाची खडान्खडा माहिती असलेला वाटाड्या, म्हणजे ‘स्टॉकर’. रायफल गवसणीत आणि त्याच्याच ताब्यात असते. शिकारीला आलेल्या पाहुण्याच्या हातात ती अगदी शेवटी येते. त्याआधी, डोंगरावर निघण्यापूर्वीच, पाहुण्याला निशाणावर दोन-तीन गोळ्या झाडायला लावण्याची जुनी रीत आहे. पाहुण्याला हा आपल्या नेमाचा अपमान वाटतो. पण परीक्षा जितकी त्याची तितकीच रायफलीचीही असते. प्रवासात पेटी आपटली, रायफलीवरच्या दुर्बिणीच्या पकडीचा एक स्क्रू सैल झाला, की शंभर मीटरवर गोळी वीतभर बाजूला जाऊ शकते, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून ते कळत नाही.

रायफलीच्या भरवशाबद्दल बोलताना लोक अचूकतेवर थांबतात. शिकारीच्या रायफलीकडून त्याआधी तीन साध्या अपेक्षा असतात : चाप ओढल्यावर बार उडावा, चाप न ओढता उडू नये, आणि दुसरे काडतूस अडकू नये. पहिली अपेक्षा कधी कधी देखभालीच्या अतिरेकानेच बिघडते. बोल्टमध्ये, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यात, घातलेले जास्तीचे तेल कडक थंडीत घट्ट होते, काडतुसावर आपटणाऱ्या टाचणीचा ठोका मंदावतो आणि बार फुसका निघतो. अशा वेळी बोल्ट लगेच उघडायचा नसतो. दारू उशिराने पेटण्याची शक्यता असते, म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबतात. सरपटताना नळीच्या तोंडात चिखल किंवा बर्फ शिरला तर नळी फुगू किंवा फाटू शकते. त्यावर काही शिकारी तोंडाला साधी चिकटपट्टी लावतात.

दुसऱ्या अपेक्षेचे जाहीर उदाहरण अमेरिकेतले आहे. रेमिंग्टन ७०० ही हरणांच्या शिकारीतली अतिशय खपाची रायफल. २०१४ च्या एप्रिलमध्ये कंपनीने २००६ पासून बनवलेल्या ‘एक्स-मार्क प्रो’ चापाच्या रायफली परत मागवल्या. चापाच्या जुळणीत चिकटद्रव्य जास्त झाल्यास काही परिस्थितीत बार आपोआप उडू शकतो, असे तिनेच कळवले. सेफ्टी, म्हणजे बार अडवून धरणारी कळ, हा एक यांत्रिक भाग आहे आणि यंत्र बिघडते. नळी कोणाकडे रोखू नये हा नियम त्यासाठीच.

तिसऱ्या अपेक्षेबाबत १८९८ च्या माउझर रायफलीचा दाखला अजून दिला जातो. तिचा रुंद आकडा काडतूस मॅगझिनमधून (रायफलीतल्या काडतुसांच्या पेटीतून) वर येतानाच त्याची कड पकडतो आणि रिकामी पुंगळी बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. नंतरच्या पुष्कळ रायफली काडतूस नुसते पुढे ढकलतात. त्याही चांगल्या चालतात. माउझरचे गुणगान थोडे भक्तीनेच होते, पण पूर्णपणे उगाच नाही.

गोळी केवढी असावी हे कायदा सांगतो. स्कॉटलंडच्या १९८५ च्या आदेशानुसार रेड डिअरसाठी गोळी मुळात किमान १०० ग्रेन (सुमारे साडेसहा ग्रॅम) वजनाची, नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला २,४५० फूट आणि ऊर्जा १,७५० फूट-पौंड हवी. शिवाय ती शरीरात शिरल्यावर पसरणारी हवी. २०२३ मध्ये वजनाची अट ८० ग्रेनवर आणली गेली. शिशाऐवजी तांब्याच्या, म्हणजे हलक्या गोळ्या वापरता याव्यात हे त्यामागचे कारण.

कायदा अंतर मात्र सांगत नाही, आणि खरी गफलत तिथेच होते. शंभर मीटरवर नेम जुळवलेल्या रायफलीतून सुटलेली .३०८ विंचेस्टर या काडतुसाची गोळी दोनशेवर सुमारे १० सेंमी आणि तीनशेवर हातभर खाली येते, शिवाय वारा तिला बाजूला नेतो. कागदाच्या निशाणावर हे चालून जाते. हरिणाच्या छातीत हृदय-फुप्फुसांचा पट्टा वीतभराचा. तो चुकला की गोळी पोटात जाते, आणि ते जनावर तासन्‌तास मरत राहते. म्हणून हरीण आडवे उभे असताना, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाशी नेम धरायला शिकवतात. डोक्यावर नेम धरण्याची फुशारकी मारणारे असतात. मेंदू लहान आणि मान सतत हलती. थोडे चुकले तरी जबडा फुटतो आणि हरीण उपाशी मरते. आकाशरेषेवरच्या हरिणावर बार टाकत नाहीत, कारण आरपार गेलेली गोळी अडवायला मागे माती नसते.

फिनलंडने अंदाजावर काही सोडलेले नाही. तिथे मूस, व्हाइट-टेल्ड हरीण अशा मोठ्या जनावरांसाठी नेमबाजीची परीक्षा सक्तीची आहे : ७५ मीटरवर चार गोळ्या, ९० सेकंदांत, २३ सेंमी व्यासाच्या वर्तुळात. एक बाहेर गेली की नापास. परीक्षा तीन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये अशी परीक्षा प्रमाणपत्रासाठी असते, पण सर्वांना सक्ती नसते. फिनलंडचे बरोबर आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते, कारण हात कापू लागलेला माणूस स्वतःला कधी नापास करत नाही.

बार झाल्यावर लगेच दुसरे काडतूस भरून दुर्बिणीतून पाहत राहायचे. हृदयाला लागलेले हरीणही पन्नास-शंभर मीटर धावू शकते. नंतर जागेवरचे रक्त वाचतात : गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस; गडद असेल तर यकृत; हिरवट चोथा मिसळलेला असेल तर पोट. पोटाला लागले असेल तर घाईने पाठलाग करत नाहीत. जखमी जनावर बसलेले असते, उठवले तर मैलोन्मैल जाते. जर्मनीत अशा मागावर हानोव्हरी जातीचा खास शिकवलेला कुत्रा आणतात.

हरीण सापडले की डोंगरावरच त्याची आतडी काढतात. स्कॉटलंडमध्ये याला ‘ग्रॅलक’ म्हणतात. मांस नासू नये हा त्याचा मूळ हेतू. पण गोळी नेमकी कुठून गेली हे तेव्हाच दिसते, आणि पाहुण्याने आपला नेम कुठे होता म्हणून सांगितले ते स्टॉकरला चांगले आठवत असते.