ट्रॅक्टरची चुलत बहीण : जुन्या स्पोर्ट्स कारच्या छंदाची पार्श्वभूमी

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि धंद्याला न लावलेली दुचाकी किंवा चारचाकी आता ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, आणि दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. शेवटी अट अशी, की ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची.

ही अट वाचताना मी ‘देखभाल’ या शब्दावर थांबलो. गाडीने कुठे पोहोचायचं नाही, कुणाला न्यायचं-आणायचं नाही. पण तिचं काम करून घ्यायला मिस्त्रीकडे जायचं असेल तर खुशाल जा. छंद म्हणजे काय, हे मला इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ १९६६ मध्ये स्थापन झाली. तिची व्याख्याही याच अंगाने जाते : वाहन किमान ३० वर्षांचं हवं, इतिहासाला धरून राखलेलं हवं आणि रोजच्या दळणवळणासाठी वापरात नसावं. उपयोग संपला, तरी माणूस त्या वस्तूपाशी बसून राहिला, की छंद सुरू होतो.

पण उपयोग संपलेल्या वस्तू तर घरोघरी असतात. जुना फ्रिज कुणी छंद म्हणून सांभाळत नाही. स्पोर्ट्स कारच्या वाट्याला हे का आलं, ते समजून घ्यायला तिचा जन्म पाहावा लागतो.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला विल्यम मॉरिस यांची ‘मॉरिस गॅरेजेस’ नावाची विक्री-दुरुस्तीची पेढी होती. १९२०च्या दशकात तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांच्या सांगाड्यांवर हलक्या, देखण्या बॉड्या चढवून विकायला सुरुवात केली. ‘एमजी’ हे नाव तिथून आलं. आज आपल्याकडे एमजी म्हटलं की २०१९ पासून विकली जाणारी मोठी कुटुंबाची गाडी डोळ्यांसमोर येते, मूळ एमजी मात्र दोन माणसांची, उघडी आणि चिमुकली होती. तिची ‘टीसी’ ही गाडी १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० बनली. इंजिन १२५० सीसीचं, ताकद जेमतेम ५४ अश्वशक्तीची, बॉडीच्या आत लाकडी चौकट. युद्धानंतर ब्रिटनला डॉलर हवे होते आणि गाड्या निर्यात करणाऱ्या कारखान्यांना पोलाद आधी मिळत होतं, त्यामुळे अशा गाड्या मोठ्या संख्येने परदेशी गेल्या. अमेरिकेत घरची मोठी, आरामशीर गाडी दाराशी असतानाच लोकांनी ही दुसरी, रविवारची गाडी घेतली. तिला धड टप नाही, सामानाला जागा नाही, हिवाळ्यात ऊब नाही. गाडी चालवणं हेच गाडी घेण्याचं कारण, ही कल्पना सामान्य पगारदारापर्यंत पोहोचली ती तेव्हा.

या गाड्यांची खरी गोम त्यांच्या आतल्या सामानात आहे. स्वस्तातली स्पोर्ट्स कार कधीच पूर्ण नवी नसायची. कारखान्यात जे आधीपासून बनत होतं त्यातूनच ती जुळवली जायची. मराठवाड्यातल्या माणसाला सर्वांत जवळचं वाटेल असं याचं उदाहरण म्हणजे ट्रायम्फ टीआर.

कोव्हेंट्री शहरात स्टँडर्ड मोटर कंपनीचा बॅनर लेन नावाचा कारखाना होता. १९४६ पासून तिथे हॅरी फर्ग्युसन यांचा टीई-२० हा करड्या रंगाचा लहान ट्रॅक्टर बनू लागला. दहा वर्षांत पाच लाखांहून जास्त निघाले. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना बाहेरून आणलेलं इंजिन होतं, पण लवकरच स्टँडर्डने स्वतःचं चार सिलिंडरचं, वेट लायनरचं इंजिन बसवलं. लायनर म्हणजे सिलिंडरमधलं बदलता येणारं नळकांडं, आणि वेट अशासाठी, की त्याच्या बाहेरून थेट पाणी खेळतं. तेच इंजिन कंपनीच्या व्हॅनगार्ड या घरगुती मोटारीतही होतं. ट्रायम्फ ही बुडीत निघालेली कंपनी स्टँडर्डने आधीच विकत घेतलेली होती. १९५३ मध्ये त्या नावाने टीआर-२ ही स्पोर्ट्स कार बाजारात आली, तेव्हा तिच्या नाकाखाली याच घराण्यातलं इंजिन होतं. शर्यतीच्या दोन लिटरच्या वर्गात बसावं म्हणून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, थोडा कमी करून ते १९९१ सीसीचं केलं आणि त्यातून ९० अश्वशक्ती काढली.

म्हणजे नांगर ओढणारी आणि शर्यत लावणारी, दोघींचं आजोळ एक. पुढे फर्ग्युसनचं नाव मॅसी या शेती-अवजारांच्या कंपनीशी जोडलं गेलं, १९६० मध्ये मद्रासला त्यांचे ट्रॅक्टर बनवणारी कंपनी निघाली आणि तांबडा मॅसी आपल्या काळ्या रानात उतरला. हे नातं मी कागदावरून सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माझ्या एका मित्राकडे टीआर-३ आहे, टीआर-२ च्या पुढची. तिचं इंजिन उघडायचं ठरलं तेव्हा शहरातले दोन चांगले गॅरेजवाले ‘याचे पार्ट मिळणार नाहीत’ म्हणून मागे सरले. शेवटी नांदेड जिल्ह्यातल्या लोहा गावाकडचा एक ट्रॅक्टर मिस्त्री आला. त्याच्या पेटीत इंची पाने होते, कारण मॅसीला तेच लागतात. हेड उतरवलं, लायनर बाहेर काढले, खाली दोन-दोन लायनरांना मिळून आठच्या आकड्यासारखं एक गॅस्केट (सांधा गळू नये म्हणून बसवलेली पातळ चकती) दिसलं, तसा तो म्हणाला, “अहो दादा, हे तर ट्रॅक्टरवानीच हाय. उगं भ्यालते की लोक.”

या इंजिनात लायनर ब्लॉकच्या पातळीपेक्षा ३ ते ५ थाऊ वर राहावा लागतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कमी राहिला तर हेड गॅस्केट दाबलं जात नाही आणि पाणी तेलात उतरतं. ते मोजत, कागदासारख्या पातळ गॅस्केटी बदलत तीन दिवस गेले. माझ्या लेखी त्या मित्राचा छंद सुरू झाला तो याच तीन दिवसांत. त्याआधी चार वर्षं गाडी त्याच्या नावावर होती, इतकंच.

दुसरी गाडी याहून जवळची. ट्रायम्फ हेराल्ड ही साधी कुटुंबाची मोटार, इटालियन जोव्हानी मिकेलोत्ती यांच्या हातची. १९६१ पासून मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेराल्ड’ नावाने ती बनू लागली. तिचं पुढचं सगळं तोंड, मडगार्डांसकट, एका झाकणासारखं पुढे कलतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं होतं. इंग्लंडमध्ये याच हेराल्डचा सांगाडा आखूड करून १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली. स्पिटफायर भारतात कधी बनली नाही, पण तिच्या पुढच्या चाकांची रचना, स्टिअरिंगचा रॅक, अशा बऱ्याच गोष्टींची भावंडं मद्रासच्या हेराल्डमध्ये होती. म्हणून भारतात स्पिटफायर राखणारा माणूस हेराल्डच्या भंगारावर नजर ठेवून असतो. मी स्वतः हेराल्डवाला आहे, तेव्हा असे फोन मला येतात आणि ते मला आवडतात.

परदेशी गाड्या इथे इतक्या कमी का, याचं कारण धोरणात आहे. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर जे इथे प्रत्यक्ष मोटारी बनवतील त्यांनाच थारा मिळाला, नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. उरल्या मुख्यतः हिंदुस्थान, प्रीमियर आणि स्टँडर्ड. आयातीला लगाम बसला. चहामळ्यांचे मालक, लष्करी अधिकारी, वकिलातीतले लोक यांनी आणलेल्या मूठभर स्पोर्ट्स कार हातोहात फिरत राहिल्या. मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे त्यातल्या काही धावल्या. सुटे भाग येत नसल्यामुळे प्रत्येक मालकाला लेथवाला, पत्रेवाला आणि वायरिंगवाला हाताशी ठेवावाच लागला. इंग्लंडमध्ये दुरुस्ती हा रविवारचा विरंगुळा होता, भारतात तो गाडी जिवंत ठेवण्याचा एकमेव मार्ग झाला. माझ्या मते आपल्याकडच्या छंदाला खोली आली ती या टंचाईमुळे.

मग मराठवाडा यात कुठे? राजेमहाराजांच्या गाड्यांच्या कथांमध्ये आपण नाही, हे सरळ मान्य करावं. १९४८ पर्यंत आपले जिल्हे निजामाच्या राज्यात होते आणि मोटारींचं वैभव हैदराबादला होतं. सहाव्या निजामाने मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट आजही तिथे चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. सिंहासनासारखं आसन असलेली ही गाडी शंभर वर्षांत काही शे मैलच चालली. ती पाहायला मीही गेलो आहे. गाडी अप्रतिम आहे, पण तिच्यावर कुणाचे हात काळे झाल्याची खूण मला दिसली नाही. तिला मी ठेवा म्हणेन, छंद म्हणणार नाही.

आपल्याकडे मोटार आली ती कामाची म्हणून. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली, पुढे लॉरी आली, जीप आली, ट्रॅक्टर आला. गाडी म्हणजे पोटापाण्याचं साधन, हे इतकं पक्कं होतं की नुसत्या आनंदासाठी ठेवलेल्या गाडीला आपल्या बोलीत शब्दच नव्हता. जनावरांसाठी मात्र होता. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दरवर्षी घोडे येतात, देवणी आणि लाल कंधारी जनावरं येतात. औताला न जुंपता, खुराक घालून, मालिश करून ज्याने एक खोंड यात्रेसाठी राखला त्याला कुणी वेडा म्हणत नाही. ‘त्याला नाद आहे’ म्हणतात, आमच्या छत्रपती संभाजीनगरात ‘शौक है’ म्हणतात. खोंडाची पत ठरते ती मालकाने त्याच्यासोबत घालवलेल्या पहाटांवरून, आणि पारखी माणसाला ते कातडीवर हात फिरवून कळतं. जुन्या गाडीचंही तेच. म्हणून हा छंद आपल्याला परका आहे असं मला कधी वाटलं नाही.

हात मात्र नंतर तयार झाले. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला, त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपची रांग लागली. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आलं आणि पोरांना डाय, जिग, फिक्श्चर शिकवू लागलं. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली. थाऊत विचार करणारी दोन पिढ्यांची माणसं या शहरात आहेत, रविवारी त्यांचा लेथ रिकामा असतो. टीआर-३ च्या वॉटर पंपाचा शाफ्ट आणि बुश अशाच एका शेडमध्ये बनला. ते काम करणाऱ्या टर्नरने पैसे घेतले नाहीत, एक फेरी मागितली. दौलताबादच्या घाटापर्यंत आम्ही त्याला नेऊन आणलं. टीआर-३ चे दरवाजे इतके खोल कापलेले आहेत की बसल्या बसल्या हात खाली सोडला तर जमीन जवळ येते. तो पूर्ण वेळ हात बाहेर ठेवून बसला होता.

इथल्या अडचणीही इथल्याच. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की पेट्रोल पाइपातच उकळायला लागतं, वाफेचा फुगा अडतो आणि गाडी भर रस्त्यात थांबते. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकून वाट पाहायची. अलीकडची अडचण पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या घडणीचे रबरी पाइप त्याने फुगतात, कार्बोरेटरमधली बुचाची वॉशर खराब होते, टाकीला गंज धरतो. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं असतं आणि त्या उसावर माझ्याही नातलगांची घरं चालतात, त्यामुळे त्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. पाइप आणि सील बदलून घ्यायचे, गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करायचे. पंधरा दिवसांतून एकदा पाऊण तास चालवली तर यातलं निम्मं टळतं.

खर्चाबद्दल नेहमी विचारलं जातं. जुन्या स्पोर्ट्स कारच्या लिलावांतल्या किमती वाचून लोकांना ही गुंतवणूक वाटते, आणि त्या विचाराने घेतलेल्या गाड्या मी कव्हरखाली सुकताना पाहिल्या आहेत. सील कडक होतात, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, वायरिंग उंदीर खातात. खोंडाला दावणीला बांधून भाव वाढायची वाट पाहिली तर काय होईल, तेच इथे होतं.

मित्राच्या टीआर-३ चा गिअरबॉक्स आता दुसऱ्या गिअरला कुरकुरतो आहे. खाली उतरवायचा तर आतून, सीटा आणि मधला बोगदा काढून उतरवावा लागतो. सीटा काढून ठेवल्यात, बोल्ट एका डब्यात चिठ्ठ्या लावून ठेवलेत. लोह्याच्या मिस्त्रीला फोन केला, तर तो म्हणाला, “सोयाबीन निघू द्या, मग येतो.”