लोडशीटवरचा गुरुत्वमध्य आणि मायामीचा अपघात

मालवाहू विमानाचा वैमानिक मागे भरलेला माल स्वतः मोजत नाही. बहुतेक विमानांत जमिनीवर उभे असताना आपले वजन दाखवणारी यंत्रणाही नसते. वैमानिकाच्या हाती येते ती लोडशीट: एकूण वजन किती, गुरुत्वमध्य, म्हणजे त्या वजनाचा तोलबिंदू, कुठे. तिच्यावरून तो उड्डाणाचा वेग काढतो आणि शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन, म्हणजे ट्रिम, लावतो. बैलगाडीत मागे जास्त भरले तर ती उलाळते आणि गाडीवानाला ते निघण्याआधीच कळते. विमानाचे नाक धावपट्टीवरून उचलले जाईपर्यंत वैमानिकाला मात्र त्याचा अंदाज येईलच असे नाही.

७ ऑगस्ट १९९७ रोजी मायामीत हेच घडले. फाइन एअरचे डीसी-८ मालवाहू विमान डेनिम कापडाचे सुमारे ४० टन गठ्ठे घेऊन सांतो दोमिंगोला निघाले होते. ठरलेले विमान वेळेवर उपलब्ध नसल्याने दुसरे लावले गेले. माल भरणाऱ्या एरोमार कंपनीच्या माणसांपर्यंत हा बदल नीट पोहोचला नाही आणि पॅलेट, म्हणजे माल रचलेले सपाट फळे, आधीच्या विमानासाठी केलेल्या कागदाप्रमाणे चढवली गेली. भार हिशेबापेक्षा मागे गेला, ट्रिम मात्र कागदावरच्या आकड्यावर लावलेली. नाक उचलताच ते वरच चढत गेले, पंखांची उचल संपली आणि विमान विमानतळाशेजारच्या व्यापारी वस्तीत कोसळले. विमानातील चार जण आणि जमिनीवरचा एक जण, असे पाच बळी गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, दोष एका माणसावर ढकलला नाही, हे मला या तपासातले सर्वांत मोलाचे वाटते. माल भरण्यावर विमान कंपनीचे नियंत्रण नव्हते, एरोमारने सांगितल्याप्रमाणे भरणा केला नाही आणि उणिवा ठाऊक असूनही हवाई नियामक एफएएने त्या दूर करवून घेतल्या नाहीत, असे तिन्ही दोष अहवालात आहेत.

चूक आकड्यातही होते. १४ ऑक्टोबर २००४ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे एमके एअरलाइन्सचे बोइंग ७४७ इंजिनांच्या अपुऱ्या जोरावर धावले, कोसळले आणि सात कर्मचारी दगावले. वेगाच्या हिशेबात बहुधा आधीच्या, बऱ्याच हलक्या उड्डाणाचे वजन राहून गेले होते.

२९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बगराम तळावरून नॅशनल एअरलाइन्सचे ७४७ पाच लष्करी चिलखती वाहने घेऊन उडाले. त्यातली काही १२ टनांची, काही १८ टनांची. ती बांधणारे पट्टे अपुरे होते. किमान एक वाहन मागे सरकले आणि त्याने हायड्रॉलिक यंत्रणा व आडव्या पंखाचा कोन बदलणारी यंत्रणा मोडली. विमान कोसळून त्यातील सातही जणांचा मृत्यू झाला. नुसता गुरुत्वमध्य मागे गेला असता तर विमान सावरता आले असते, असे तपासात दिसले.

इतके होईपर्यंत अमेरिकेत वैमानिकाला परवाना लागे, दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकलाही लागे. १८ टनांचे वाहन विमानात बांधून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या लोडमास्टरला मात्र एफएएचे कोणतेही प्रमाणपत्र लागत नव्हते. अशा विशेष प्रकारचा माल भरणे, बांधणे आणि त्याची नोंद करणे या कामाची जबाबदारी असलेल्यांसाठी प्रमाणपत्र सुरू करा, ही शिफारस एनटीएसबीने बगरामच्या अहवालात, २०१५ मध्ये केली. मायामीच्या अपघाताला तोवर जवळपास १८ वर्षे झाली होती.