सिंगल क्रिस्टल कास्टिंगमधलं मोल्ड डिझाइन
सिंगल क्रिस्टल कास्टिंग म्हणजे अख्खा पार्ट एकाच स्फटिकाचा ओतायचा, आत ग्रेन बाउंड्री (दोन स्फटिकांमधली, म्हणजे ग्रेनमधली, सीमा) ठेवायचीच नाही. जेट इंजिन आणि गॅस टर्बाइनच्या सगळ्यात गरम भागातली ब्लेड्स अशी बनवतात, कारण तिथल्या तापमानाला निकेल सुपरअलॉय (उष्णतेला टिकणारा निकेलचा मिश्रधातू) भाराखाली हळूहळू लांबत जातो आणि भेगा बहुतेक करून ग्रेन बाउंड्रीपासूनच सुरू होतात. १९६० च्या दशकात प्रॅट अँड व्हिटनीमध्ये फ्रँक व्हर्स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी उभ्या लांब ग्रेनची ब्लेड्स केली, मग एकाच ग्रेनची, आणि १९८० च्या दशकात ती प्रवासी विमानांच्या इंजिनात आली. अलॉयवर तेव्हापासून भरपूर लिहिलं गेलंय, मोल्डवर त्या मानाने कमी, आणि पार्ट रिजेक्ट होण्याची बरीचशी कारणं मात्र मोल्डमध्येच सापडतात.

पद्धत मूळ भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांची. मेणाच्या पॅटर्नवर सिरॅमिक स्लरीचे (पातळ लगद्याचे) थर चढवून शेल, म्हणजे कवच, बनवतात, मेण वितळवून काढतात, शेल भाजतात आणि व्हॅक्यूम फर्नेसमध्ये पाण्याने गार ठेवलेल्या तांब्याच्या चिल प्लेटवर उभा करून साधारण १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. धातू ओतला की मोल्ड मिनिटाला काही मिलिमीटर अशा वेगाने खाली ओढायचा, गरम आणि थंड भागाच्या मधे बॅफल, म्हणजे उष्णता अडवणारा पडदा, असतो. उष्णता खालच्या बाजूने गेली तर स्फटिक सरळ वर वाढतो, बाजूने जास्त गेली की गडबड. म्हणजे इथे मोल्डचं काम फक्त आकार देणं नाही, उष्णतेला वाट देणं हे त्याचं खरं काम आहे, आणि डिझाइनमधली जवळपास प्रत्येक सुधारणा याच एका गोष्टीसाठी असते.

तळाला स्टार्टर ब्लॉक असतो, तिथे असंख्य ग्रेन एकदम सुरू होतात आणि उष्णतेच्या दिशेला जुळणारे बाकीच्यांना मागे टाकतात. त्यावरचा पिळदार सिलेक्टर त्यातला एकच वर जाऊ देतो. बरेच जण समजतात की दिशा सिलेक्टर सुधारतो, पण तो फक्त निवडतो, दिशा लागते ती ब्लॉकमध्येच, म्हणून ब्लॉकची उंची कमी करून मेण वाचवण्यात काही अर्थ नाही. दिशा अगदी नेमकी हवी असेल तर सिलेक्टरऐवजी सीड (हव्या दिशेच्या स्फटिकाचा तयार तुकडा) वापरतात.

खरी अडचण प्लॅटफॉर्मपाशी, म्हणजे ब्लेडच्या आडव्या सपाट भागापाशी, येते. ब्लेडचं पातं बारीक असतं आणि प्लॅटफॉर्म एकदम बाहेर पसरतो, तर बॅफल ओलांडताना त्याच्या कडा आधी थंड होतात, पात्यातून वाढत येणारे डेंड्राइट (स्फटिकाच्या झाडासारख्या फांद्या) अजून तिथपर्यंत पोचलेले नसतात, आणि तेवढ्या वेळात कडेचा द्रव लिक्विडसच्या (गोठायला सुरुवात होते त्या तापमानाच्या) बराच खाली जाऊन तिथे स्वतःचाच नवा ग्रेन सुरू करतो. याला स्ट्रे ग्रेन म्हणतात आणि असा पार्ट सहसा भंगारात जातो. उपाय म्हणून पॅटर्नलाच मेणाची बारीक काडी जोडतात, खालच्या भागापासून थेट प्लॅटफॉर्मच्या कडेपर्यंत, म्हणजे तोच स्फटिक आडवाटेने वेळेत तिथे पोचतो. याला ग्रेन कंटिन्यूएटर म्हणतात. हा उपाय चांगला आहे पण फुकटचा नाही, दोन वाटांनी आलेले डेंड्राइट जिथे भेटतात तिथे किंचित कोनाचा फरक राहू शकतो, शिवाय काडी नंतर कापून काढावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे कडेला शेलवर इन्सुलेशन गुंडाळून ती जास्त वेळ गरम ठेवायची, किंवा प्लॅटफॉर्म पात्याला जोडतो त्या गरम राहणाऱ्या कोपऱ्यात शेलमध्ये ग्रॅफाइटचा तुकडा बसवून तिथली उष्णता बाहेर काढायची.

एका क्लस्टरमध्ये बरीच ब्लेड्स गोलाकार मांडतात, तेव्हा हीटरकडची बाजू आणि मधल्या दांड्याकडची सावलीतली बाजू सारखी तापत नाही. त्यामुळे ब्लेड कुठल्या तोंडाने लावायचं हाही डिझाइनचाच प्रश्न, आणि तो मेण जोडायच्या आधी सिम्युलेशनमध्ये बघून घेतलेला बरा.

शेलची जाडी हा कायमचा झगडा आहे. पातळ शेलमधून उष्णता पटकन जाते, टेंपरेचर ग्रेडियंट (गरम आणि थंड भागातला तापमानाचा उतार) वाढतो, डेंड्राइट बारीक येतात, फ्रेकलचा (बारीक ग्रेनच्या साखळीसारख्या दोषाचा) धोका कमी होतो, पण १५०० अंशाला तासन्‌तास उभा राहिलेला पातळ शेल धातूच्या दाबाने फुगतो आणि ब्लेडची मापं बिघडतात. म्हणून फायबर घालून शेल मजबूत करतात. वितळलेल्या टिनमध्ये मोल्ड बुडवून थंड करायची पद्धत ग्रेडियंट आणखी वाढवते, टिन २३२ अंशालाच वितळतं त्यामुळे वापरायला सोयीचं, पण शेलला तडा गेला तर टिन अलॉयमध्ये शिरतं, तेव्हा तिथे शेल भेगारहित असणं आणखी महत्त्वाचं. टिनच्या पृष्ठभागावर सिरॅमिकच्या गोळ्या तरंगत ठेवतात, त्या ब्लेडच्या आकाराला आपोआप चिकटून बॅफलचं काम करतात, मला तरी ही फार सुंदर युक्ती वाटते.

मोल्ड फार ताकदवान झाला तरी चालत नाही. थंड होताना धातू शेल आणि कोअरपेक्षा (ब्लेडच्या आतली पोकळी घडवणाऱ्या सिरॅमिकच्या गाभ्यापेक्षा) जास्त आकुंचन पावतो, त्यांनी जागा दिली नाही तर धातूत ताण साठतो, आणि नंतर १३०० अंशाच्या आसपास हीट ट्रीटमेंट केली की नेमक्या त्याच जागी नवे ग्रेन उगवतात. वितळलेल्या धातूला धरून ठेवेल आणि थंड होताना दबेल असा शेल हवा. सिरॅमिक थ्रीडी प्रिंटिंगमुळे आता शेल आणि कोअर एकत्र छापून हवी तिथे जाडी कमीजास्त करता येते, मात्र भाजताना होणारं आकुंचन आणि थरांमुळे खडबडीत राहणारा पृष्ठभाग या दोन गोष्टी तिथे अजून त्रास देतात.