झिजलेल्या दातांची साक्ष

प्राचीन सरीसृप काय खात असत, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे ठळकपणे उभा राहिला तो इंग्लंडमधील ससेक्सच्या गिडियन मँटेल या डॉक्टरांच्या संग्रहातील काही दातांमुळे. १८२० च्या दशकाच्या आरंभी मिळालेले हे दात पानासारखे रुंद होते, त्यांच्या कडांना बारीक दाते होते आणि काहींचा माथा तिरका घासून गुळगुळीत झाला होता. चाऱ्याचे चर्वण केल्याशिवाय अशी झीज होणार नाही, हे मँटेल यांनी ओळखले. परंतु आजचे सरीसृप बहुधा घास न चावताच गिळतात, त्यामुळे शाकाहारी सरीसृपाची कल्पना सहजासहजी पटणारी नव्हती. प्रख्यात शरीररचनातज्ज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १८२३ मध्ये तो दात गेंड्याचा ठरवला. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी आपले मत मोकळेपणाने बदलले. लंडनमध्ये सॅम्युअल स्टचबरी यांनी इग्वाना या सरड्याच्या दातांशी असलेले साम्य दाखवून दिले आणि १८२५ मध्ये या डायनोसॉरचे ‘इग्वानोडॉन’ हे नाव जाहीर झाले.

नुसत्या आकारावर विसंबणे किती धोक्याचे, हे प्लॅकोडस या प्राचीन सागरी प्राण्याच्या उदाहरणात दिसते. शिंपले फोडणारे त्याचे फरशीसारखे सपाट दात पाहून निसर्गशास्त्रज्ञ लुई आगासीझ यांनी त्याला मासा मानले होते. तो सरीसृप आहे हे रिचर्ड ओवेन यांनी १८५८ मध्ये सिद्ध केले. पुढे १९८७ मध्ये ज्युडी मॅसारे यांनी सागरी सरीसृपांच्या दातांचा आकार आणि झीज यांची सांगड भक्ष्याच्या कठीणपणाशी घातली.

तरीही दाताचा आकार फार तर प्राण्याची क्षमता सांगतो, त्याचे रोजचे खाणे नव्हे. इंग्लंडमधील सरे येथे १९८३ मध्ये सापडलेल्या बॅरिओनिक्स या डायनोसॉरचे दात मगरीसारखे, मासे पकडण्याजोगे आहेत. त्याच्या पोटाच्या जागी माशांचे खवले मिळाले, पण त्यांच्यासोबत एका कोवळ्या इग्वानोडॉनवर्गीय प्राण्याची हाडेही मिळाली.

म्हणूनच अलीकडचे संशोधक दंतवल्कावरील (दाताच्या कठीण बाह्य आवरणावरील) सूक्ष्म ओरखडे व खळगे मोजतात. सरीसृपांचे दात आयुष्यभर पडून नवे येत असल्याने ही नोंद अल्पकाळाचीच असते, मात्र ती प्रत्यक्ष खाण्याची असते, आणि माझ्या मते तिचे खरे मोल त्यातच आहे. २०२० मध्ये टेरोसॉर या प्राचीन उडणाऱ्या सरीसृपांच्या दातांची तुलना आजच्या मगरी व घोरपडींच्या दातांशी करण्यात आली, तेव्हा त्यांपैकी रॅम्फोरिंकसची पिल्ले कीटकांसारखे लहान जीव खात आणि वाढत्या वयात माशांकडे वळत, असे दिसून आले.