एकस्रोत प्रकाशन

एकाच मूळ फाइलीतून तांत्रिक दस्तऐवजाच्या अनेक आवृत्त्या काढण्याची पद्धत. तांत्रिक लेखकांच्या बोलण्यात ‘सिंगल सोर्सिंग’ हाच शब्द रूढ आहे. आवृत्त्या दोन प्रकारच्या असतात. मजकूर तोच ठेवून छपाईसाठी पीडीएफ आणि पडद्यासाठी एचटीएमएल काढणे हा सोपा प्रकार; पॅनडॉकसारखी साधने ते काम जवळजवळ आपोआप करतात. मजकुराचाच काही भाग एका वाचकासाठी ठेवून दुसऱ्यासाठी गाळणे हा अवघड प्रकार, आणि खरे कसब तिथेच लागते.

विहिरीवरच्या पंपाची माहितीपुस्तिका घ्या. पाइप, फूटव्हॉल्व्ह आणि प्रायमिंग (सुरू करण्यापूर्वी पंपात पाणी भरणे) यांचा मजकूर सिंगल फेज आणि थ्री फेज दोन्ही पंपांना सारखाच लागतो. पण सिंगल फेज मोटरीला सहसा कपॅसिटर असतो, तर थ्री फेज मोटर उलटी फिरली की तीनपैकी कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करतात. दोन स्वतंत्र फाइली ठेवल्या, तर प्रायमिंगची सुधारणा एकीत होते आणि दुसरीत राहून जाते. वर्षभराने त्यांतली बरोबर कोणती, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून समाईक मजकूर एकदाच लिहायचा, वेगळ्या परिच्छेदांवर अटीची खूण करायची आणि आवृत्ती काढताना कोणती अट लागू ते सांगायचे.

मजकूर काय आहे आणि तो कसा दिसतो, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्याखेरीज हे साधत नाही. आयबीएममध्ये १९६९ मध्ये सुरू झालेल्या कामातून जीएमएल ही खुणांची भाषा घडली; मजकुराचा कोणता भाग काय आहे, हे तिच्या खुणा सांगतात. तिचीच पुढची पिढी असलेली एसजीएमएल १९८६ मध्ये आयएसओ मानक झाली आणि तिच्यातून १९९८ मध्ये एक्सएमएल आली. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या टेक्सइन्फो या दस्तऐवज-साधनामध्ये एकाच फाइलीतून छापील पुस्तक आणि पडद्यावरची मदतपाने निघतात. फक्त छापील प्रतीत जाणारा मजकूर ‘इफटेक्स’ या आज्ञेत बंदिस्त करता येतो. डिटा ही एक्सएमएलवर आधारित रचनाही आयबीएममध्येच घडली आणि २००५ मध्ये ओएसिस संस्थेचे मानक झाली. तिच्या नावातला पहिला शब्द डार्विन आहे, कारण सामान्य विषयप्रकारातून वारसा घेत विशेष प्रकार तयार करणे हा तिचा गाभा. डिटात लहान लहान विषय एका नकाशाफाइलीत ओवतात आणि काय गाळायचे ते वेगळ्या गाळणीफाइलीत लिहितात. अॅस्कीडॉक आणि स्फिंक्स या दस्तऐवज-साधनांतही अटींची सोय आहे.

अटी मात्र बेताने वाढवाव्या लागतात. होय किंवा नाही अशा सहा स्वतंत्र अटी घातल्या की ६४ आवृत्त्या संभवतात, दहा घातल्या की १,०२४. इतक्या आवृत्त्या कोणी वाचून तपासत नाही. मग वायरींची अदलाबदल करण्याची पायरी सिंगल फेजच्या पुस्तिकेत जाऊन बसते, आणि ती वाचणारा माणूस विजेच्या जोडणीपाशी उभा असतो. मजकुरात हाताने लिहिलेला ‘पायरी ४ पाहा’ हा उल्लेखही मधली एक पायरी गळताच खोटा ठरतो. म्हणून पायऱ्यांना नावे देऊन क्रमांक संगणकाकडून घालून घेणे आणि जी प्रत वाचकाच्या हाती पडणार तीच वाचून तपासणे, ही दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत.

मराठीत एक अडचण आणखी येते. इंग्रजी वाक्यात वस्तूच्या नावाची जागा मोकळी सोडून तिथे हवे ते नाव भरले तरी वाक्य बहुधा टिकते. मराठीत पंप बंद पडला, मोटर बंद पडली आणि यंत्र बंद पडले. नाव बदलले की क्रियापद बदलते. प्रत्यय लागताना नाव स्वतःही बदलते: पंपात, मोटरीत, यंत्रात. मोकळ्या जागेपुढे नुसता ‘मध्ये’ चिकटवला, तर ‘यंत्रमध्ये’ असे कानाला खुपणारे रूप उमटते. म्हणून मराठी पुस्तिकेत अट शब्दावर न घालता पूर्ण वाक्यावर घालावी. तीन नावे असतील तर तीन वाक्ये लिहावीत. फाइल थोडी लांबते, पण भाषांतरकाराला सबंध वाक्य समोर दिसते. नाव मोकळ्या जागेत भरणे अटळच असेल, तर ‘हे उपकरण’ असा एकच कर्ता वाक्यात ठेवून मॉडेलचे नाव शीर्षकात किंवा तक्त्यात द्यावे. तिथे त्याला ना लिंग सांभाळावे लागते, ना विभक्ती.