कळी थंडी मोजते

थंड प्रदेशात घराच्या बागेत फळझाड लावायचं म्हटलं की हमखास विचारलं जातं, उणे किती अंशाला टिकेल? प्रश्न अर्धवट आहे. कारण कणखर जातीचं सफरचंद झोपेत असताना उणे ३० सुद्धा सोसतं, आणि तेच झाड वसंतात बहरलेलं असताना उणे २ ला फुलं जळायला लागतात, उणे ४ ला बहुतेक सगळी जातात. म्हणून आधी बघायचं ते झाड जागं कधी होतं.

एक प्रयोग कराच. हिवाळ्याच्या सुरुवातीला जर्दाळूची कळ्यांची काडी कापून उबदार खोलीत पाण्यात ठेवा. काहीच होत नाही, कळ्या घट्ट मिटलेल्या. तशीच काडी हिवाळा संपत आला की आणा, दोन-तीन आठवड्यांत फुलते! खोली तीच, पाणी तेच, फक्त मधल्या काळातली थंडी कळीने मोजून ठेवलेली असते.

कशी मोजते, हा भाग मला फार आवडतो. पेशींच्या भिंतींमध्ये अतिशय बारीक बोगदे असतात, प्लाझ्मोडेस्माटा, त्यांतून वाढीचे निरोप एका पेशीतून दुसरीत जातात. पॉप्लरमध्ये हे छान बघितलं गेलंय, दिवस लहान झाले की ॲब्सिसिक ॲसिड या झाडातल्या संप्रेरकाच्या प्रभावाने या बोगद्यांना कॅलोज नावाच्या कर्बोदकाची बुचं बसतात, म्हणजे ऊब आली तरी निरोपच पोचत नाही, मग आठवडेच्या आठवडे थंडी गेली की बुचं विरघळवणारी एन्झाइम्स कामाला लागतात आणि वाट मोकळी होते. पीचमध्ये हिवाळ्यात झोपतच नाही असं एक झाड सापडलं, त्याच्यात डॅम नावाच्या जनुकांच्या गटातला तुकडाच गायब होता.

या हिशोबाला बागवाले चिलिंग अवर्स म्हणतात, साधारण ० ते ७ अंशातले तास. कडक गोठलेले तास फारसे धरत नाहीत, आणि १९७४ च्या युटा मॉडेलमध्ये तर उबदार तास चक्क वजा होतात. बऱ्याच सफरचंदांना ८०० ते १००० तास लागतात, ॲना जातीला ३०० च्या आतच पुरतात. आता ॲना थंड प्रदेशात लावलं तर तिचा हिशोब लवकर संपणार, मग चार उबदार दिवस आले की ती जागी, आणि पाठोपाठ गोठवणारी थंडी. जर्दाळूची रड तीच.

म्हणून उशिरा फुलणारी जात घ्या. खोलगट जागा टाळा, थंड हवा जड असते, तिथेच साचते. सफरचंदाच्या एकाच वेळी फुलणाऱ्या दोन जाती लावा, म्हणजे एकीचे परागकण दुसरीला मिळतात, आंबट चेरी मात्र एकटीही फळते. कलमाचा खुंट, म्हणजे मुळाकडचा खालचा भाग, कोणता तेही विचारा, सफरचंदाला अँटोनोव्का जातीचा खुंट थंडीला चांगला. आणि बुंध्यात खिळा ठोकला की फळ धरतं, चंद्र बघून लावलं की जगतं, असलं काही ऐकू नका, खिळ्याने नुसती जखम होते आणि रोग शिरायला वाट मिळते.

गोठवणारी रात्र होऊन गेली की एक फूल ब्लेडने उभं चिरून बघा. पाकळ्या बाहेरून पांढऱ्याशुभ्र असतात, पण मधला भाग काळा पडला असेल तर ते फूल गेलं. हिरवा असेल तर वाचलं. सगळी काळी नसली तर घाबरू नका, सफरचंदाला भरघोस बहर असेल तर दहातलं एक फूल धरलं तरी झाड फळांनी भरतं.