पालक शाळेच्या मंडळावर आले ते कसे?

सरकारी शाळेच्या मंडळावर पालकांचे प्रतिनिधी असणं आज अनेक देशांत गृहीत धरलं जातं. इंग्लंडमध्ये मात्र ही सोय कायद्याने सक्तीची झाली ती १९८० साली.

तिथे १८७० च्या कायद्याने लोकनियुक्त स्कूल बोर्डं आली. पण मत करदात्याला, पालकाला नव्हे. एका बाबतीत ही बोर्डं काळाच्या पुढे होती: संसदेसाठी मतदानही करू न शकणाऱ्या बायका इथे उमेदवार होऊ शकत. लंडनच्या पहिल्याच निवडणुकीत एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस निवडून आल्या. १९०२ च्या कायद्याने बोर्डं मोडीत निघाली आणि कारभार काउंटी व बरो कौन्सिलांकडे, म्हणजे जिल्हा-शहर पातळीवरच्या निवडून आलेल्या स्थानिक संस्थांकडे, गेला. १९४४ च्या कायद्याने शाळांना व्यवस्थापक मंडळं सक्तीची केली खरी, पण एकच मंडळ अनेक शाळांवर बसवायची पळवाटही ठेवली.

ठिणगी पडली लंडनमधल्या इझलिंग्टनच्या विल्यम टिंडेल शाळेत. १९७४ च्या सुमारास तिथल्या काही शिक्षकांनी काय शिकायचं हे बरंचसं मुलांवरच सोपवलं. पालक बिथरले, मुलं काढून घेऊ लागले. व्यवस्थापक आणि शिक्षकांची जुंपली, प्रकरण संपापर्यंत गेलं. शाळेला जाब विचारायचा कुणी, हा प्रश्न १९७६ च्या चौकशीनंतर टाळता येईना. पुढच्याच वर्षी सरकारने नेमलेल्या टेलर समितीने मंडळात पालक, शिक्षक, स्थानिक प्रशासन आणि परिसरातले लोक यांना समान वाटा सुचवला. सरकारने तो जसाच्या तसा उचलला नाही; १९८० आणि १९८६ च्या कायद्यांनी पालकांच्या जागा हप्त्याहप्त्याने वाढवल्या. माझ्या मते खरी सत्ता आली ती १९८८ च्या कायद्याने, शाळेचं बजेट मंडळाच्या हाती पडलं तेव्हा. तोवर बैठका बहुधा चहापाण्यापुरत्याच.

न्यूझीलंडने एका फटक्यात उडी घेतली. एका सुपरमार्केटवाल्या उद्योजकाच्या, ब्रायन पिकोच्या, समितीचा अहवाल १९८८ चा. १ ऑक्टोबर १९८९ पासून प्रादेशिक बोर्डं बरखास्त आणि प्रत्येक शाळेला स्वतःचं मंडळ! मुख्याध्यापक, शिक्षकांचा एक प्रतिनिधी, माध्यमिक शाळेत एक विद्यार्थी. बाकी बहुतेक सगळे पालकांनी निवडलेले. मुख्याध्यापकाला नेमायचं तेही याच मंडळाने. हिशेब आणि कायदा जाणणारे पालक सधन वस्तीत सहज मिळतात, इतरत्र मारामार, ही तक्रार तिथे जुनीच आहे. शाळेच्या प्रवेशक्षेत्राची हद्द आखण्याचा अधिकार २०२० च्या कायद्याने मंडळांकडून काढून शिक्षण मंत्रालयाकडे दिला.